अँटेना उतरवताना: जुन्या घरातला टीव्ही डिजिटल कसा करायचा

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या घरी अगदी परवापर्यंत अँटेना होता. पडवीच्या भिंतीला टेकवून उभा केलेला, कौलांच्याही वर गेलेला जीआय पाइप, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या काड्या, त्यांतल्या दोन वानरांनी वाकवलेल्या. चपटी वायर खिडकीच्या गजातून आत. सह्याद्री वाहिनी दिसायची, अधूनमधून पडद्यावर मुंग्या यायच्या आणि मुंग्या आल्या की कुणीतरी अंगणात जाऊन पाइप धरून फिरवायचा. "आलं का?" "आलं! थांब, हलवू नको! गेलं."

एक दिवस नुसत्या मुंग्याच उरल्या. शेजारच्या मुलाने दोन दिवस पाइप फिरवला, काड्या सरळ केल्या, वायर बदलली. दोष त्यातल्या कशातच नव्हता. दूरदर्शनचा ट्रान्समीटरच बंद झाला होता. प्रसार भारतीने देशभरातले जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या भागांतले पन्नासेक सोडले तर बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत थांबवायचं ठरलं होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हापासून चालत आलेला हा अँटेनाचा संसार आत्याच्या घरी असा कुणी न सांगता आटोपला.

ते घर डिजिटल करायला मला दीड दिवस लागला. नीट माहिती असती तर तीन तासांत झालं असतं. उरलेला वेळ कुठे गेला ते लक्षात ठेवून हे लिहितो आहे.

आधी घर बघा, डबा नंतर

दुकानात जाऊन "डबा द्या" म्हणण्याआधी (डबा म्हणजे सेट टॉप बॉक्स) तीन गोष्टी कागदावर लिहून काढा.

पहिली, टीव्हीच्या पाठीमागे काय आहे. टीव्ही फिरवा, टॉर्च मारा. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन गोल भोकं असतील तर काम सोपं. ही एव्ही जोडणी, आणि बहुतेक सेट टॉप बॉक्सला ती चालते. जुन्या एकच स्पीकर असलेल्या सेटला पिवळं आणि पांढरं एवढंच असतं, लाल नसतं. चालतं, काही बिघडत नाही. चपटी एचडीएमआयची खाच असेल तर आणखी बरं. फक्त अँटेनाचं एकच भोक असेल, म्हणजे टीव्ही फारच जुना असेल, तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागते. ती शोधत फिरण्यापेक्षा अशा सेटला निरोप देणं शहाणपणाचं.

म्हणजे जाडजूड पिक्चर ट्यूबवाला टीव्ही टाकून द्यावा लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आत्याला एका दुकानदाराने "डिजिटलला नवीन एलईडी लागतो" असं सांगून बत्तीस इंचीचा भाव काढून दिला होता. डिजिटल काय ते डब्यात होतं. टीव्हीने फक्त चित्र दाखवायचं असतं.

दुसरी, घरात कोण काय बघतं. आत्या दुपारी एक मालिका, संध्याकाळी सातच्या बातम्या आणि रविवारी एखादा सिनेमा बघते. तिला साडेतीनशे चॅनेल घेऊन काय करायचं? उलट ज्या घरात क्रिकेटचा प्रत्येक सामना हवा, तिथे फुकटच्या छत्रीवर, म्हणजे डिशवर, भागणार नाही. हा प्रश्न रिमोट ज्याच्या हातात असतो त्यालाच विचारा. पैसे देणाऱ्या मुलाला विचारलंत तर तो स्वतःची आवड सांगतो.

तिसरी, घराच्या आग्नेयेला काय आहे. याकडे पुढे येतो. इथेच सगळं अडतं.

चार वाटा

पहिली वाट डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, दरमहा एक रुपया नाही. बसवणुकीसकट दीड-दोन हजारांच्या आसपास काम होतं. दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यात सह्याद्री आलीच, आणि लिलावात जागा घेतलेल्या खासगी वाहिन्या दिसतात. लिलाव होत राहतात, त्यामुळे आज दिसणारी खासगी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. ही एक गोष्ट मनाशी पक्की करून मगच या वाटेला जा. आणि कुणी "फ्री डिशचं रिचार्ज" मागायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. असं रिचार्ज नसतं.

दुसरी वाट पैसे भरायचं डीटीएच. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी२एच, सन डायरेक्ट. छत्री बसवायला त्यांचा माणूस येतो, त्यामुळे खालचा निम्मा लेख तुम्हाला लागणार नाही. पण त्या माणसावर लक्ष ठेवण्यापुरता वाचा.

तिसरी डिजिटल केबल. शहरात आणि तालुक्याच्या गावी हीच जास्त. चौथी म्हणजे इंटरनेटवरून बघणं. ब्रॉडबँड चांगलं असेल आणि घरात तरुण माणसं असतील तर आता बरेच जण तिसरी सोडून थेट चौथीकडे जातात. गावच्या घरात मोबाइलचा एक दांडा दिसायला गच्चीवर जावं लागत असेल तर तिचा विचार सोडा.

माझं मत विचाराल तर: म्हातारी माणसं, दिवसाला दोन-तीन तास टीव्ही, पावसाळ्यात वीज जाण्याची सवय, असं घर असेल तर फ्री डिश. महिना संपला म्हणून टीव्ही बंद पडला आणि मुलगा मीटिंगमध्ये असल्याने रिचार्ज राहून गेलं, हा प्रकार तिथे होत नाही.

पुढचं सगळं फ्री डिश स्वतः बसवण्याबद्दल आहे. केबलवाल्यांसाठी शेवटाकडे लिहिलं आहे.

सामान

दोन फुटी छत्री चालते. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे जुलैमध्ये आभाळ फाटतं, तिथे थोडी मोठी घ्या. अडीच फुटी मिळते. एलएनबी म्हणजे छत्रीच्या दांड्याच्या टोकाचं ते नाक. दुकानात "युनिव्हर्सल, केयू बँडचा" असं सांगा. डबा एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालवणारा घ्या. जुन्या एमपीईजी-२ डब्यावर काही वाहिन्या दिसतच नाहीत, आणि त्या का दिसत नाहीत हे शोधण्यात दिवस जातो. वायर आरजी-६, गोल, जाड, आत तांब्याचा किंवा तांबं चढवलेला एकच गाभा असलेली. अंतर मोजून त्यात दोन मीटर जास्त घ्या. वायरच्या टोकांना बसवायचे एफ कनेक्टर लागणार दोनच, पण सहा आणा, पहिले दोन वाया जातात. शिवाय पाने, ओळंबा, काळी चिकटपट्टी आणि भिंतीला धरायचे अँकर बोल्ट.

अँटेनाची जुनी चपटी वायर वापरायचा मोह होईल. मला झाला. अर्धा दिवस त्यात गेला. ती वायर या कामाला चालत नाही. छत्रीकडून येणारा सिग्नल कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, आणि त्याच वायरमधून डबा वरच्या एलएनबीला वीजही पुरवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. चपटी वायर त्यासाठी केलेलीच नाही.

आकाश मोकळं आहे का

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. तो विषुववृत्ताच्या वर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, आपल्या मानाने जागच्या जागी उभा असतो. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो. म्हणजे छत्रीला दिसतो. मुंबई, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १३० अंश. नागपूरकडे तो दक्षिणेला सरकतो, तिथे १४५ च्या आसपास. क्षितिजापासून उंची ५७ ते ६० अंश, म्हणजे बराच वर. समोर एकमजली घर असेल तर त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो झाडांचा.

आत्याच्या आग्नेयेला रायवळ आंबा आहे. आंबा तोडायचा नव्हता, म्हणून छत्री पडवीवरून न्हाणीघराच्या स्लॅबवर नेली. तिथून आंब्याच्या शेंड्याच्या उजवीकडून आभाळ मोकळं दिसत होतं. झाड वाढतं हेही लक्षात घ्या. आज पानांना घासून जाणारी रेषा दोन पावसाळ्यांत पानांच्या आत जाते, आणि ओलं पान सिग्नल खातं.

रेषा मोकळी आहे का हे बघायला सूर्य वापरता येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सप्टेंबर संपता संपता-ऑक्टोबर लागताना, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून बघताना जवळजवळ या उपग्रहाच्या पाठीमागेच येतो. त्या वेळी छत्रीच्या ठरवलेल्या जागेवर ऊन पडत असेल तर रेषा मोकळी. सावली असेल तर जागा बदला. हिवाळ्यात सूर्य त्या दिशेला नऊच्या आसपास येतो, पण खूप खाली असतो. तेव्हाही ऊन येत असेल तर प्रश्नच मिटला.

दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. फक्त ते लोखंडी पाइपाजवळ धरू नका. मी पाइपाला टेकवून धरलं आणि त्याने वीसेक अंश भलतीकडे बोट दाखवलं. दोन-तीन मीटर दूर उभं राहून दिशा पकडायची, त्या रेषेत लांबची एखादी खूण बघून ठेवायची. माझी खूण होती समोरच्या डोंगरावरचं एक वाळलेलं झाड.

शेजारच्याची छत्री बघून दिशा लावू नका, त्याच्याकडेही फ्री डिशच आहे हे माहीत असल्याशिवाय. बहुतेक कंपन्यांचे उपग्रह वेगळे असतात.

जुना अँटेना उतरवणं

हे नवीन छत्री चढवण्याच्या आधी करा आणि एकट्याने करू नका. पाइप लांब असतो, वर जड असतो, आणि गावाकडे विजेची उघडी तार घराजवळून गेलेली असते. पाइप तारेच्या बाजूला कलला तर पुढचं काही बोलायला नको. आधी तारेकडे बघा, मग दोघांनी धरून तिच्या विरुद्ध बाजूला आडवा करा. पावसात किंवा ओल्या कौलांवर चढू नका. कौलांवर पाय ठेवायचाच तर वाशावर, मधे नाही. अ‍ॅल्युमिनियम भंगारात जातं. पाइप ठेवा, त्यावरच छत्री बसू शकते. आमच्या पाइपाचा खालचा भाग गंजलेला होता म्हणून तो आता परसात दुधीच्या मांडवाला आहे.

छत्री

ज्या नळीवर छत्री बसणार ती अगदी उभी हवी. ओळंबा लावून दोन बाजूंनी बघा. नळी कलली असेल तर छत्रीवरचे उंचीचे आकडे खोटे बोलतात, आणि तुम्ही डावीकडे फिरवता तेव्हा ती वरखालीही जाते. बहुतेकांची फसगत इथे होते आणि दोष एलएनबीला दिला जातो. नळी भिंतीला किंवा स्लॅबला अँकर बोल्टने घट्ट. जांभ्याच्या भिंतीत अँकर नीट धरत नाही, दगड ठिसूळ असतो, म्हणून शक्यतो काँक्रीट शोधा.

छत्री जोडताना मागच्या कमानीवरचा उंचीचा आकडा ५९-६० वर आणून बोल्ट हाताने आवळा, पान्याने नको. आता एक डोळ्याला फसवणारी गोष्ट. छत्री इतक्या वर बघायची तर तिने आभाळाकडे तोंड वासायला हवं असं वाटतं. तसं दिसत नाही. या छत्र्यांचा आकार असा असतो की वरून तिरका आलेला सिग्नल त्या खालच्या नाकाकडे वळवतात, त्यामुळे साठ अंशांवर लावलेली छत्रीही जेमतेम पस्तीसेक अंश मागे कललेली दिसते. समोरच्या वाडीकडे बघते आहे असं वाटेल. आकड्यावर विश्वास ठेवा.

एलएनबी दांड्यात बसवा, वायरचं तोंड खाली येईल असं. शेवटी त्याला थोडं फिरवून बघायचं आहे, तेव्हा तोही सैलसर.

वायरची टोकं

टीव्हीच्या निम्म्या तक्रारी या अर्ध्या इंचात असतात. वायरचं बाहेरचं काळं साल साधारण दीड सेंटिमीटर सोला. आतली जाळी मागे उलटी वळवा. पांढरा भाग काढून मधला गाभा सात-आठ मिलिमीटर उघडा. कनेक्टर जाळीवर फिरवून घट्ट बसवा. आता टोकाकडे नीट बघा. जाळीचा एक केसाएवढा तुकडा जरी मधल्या गाभ्याला टेकला असेल तर शॉर्ट होतो, एलएनबीला वीज मिळत नाही, आणि डबा "नो सिग्नल" म्हणत राहतो. चष्मा लावून बघा. माझा केस दुसऱ्यांदा बघताना सापडला.

वायर जोडताना, काढताना डबा बंद हवा, नुसता रिमोटने नाही, बटणावरून.

वरच्या जोडावर काळी चिकटपट्टी खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलांसारखे पदर पडतात आणि पाणी आत शिरत नाही. एलएनबीपासून थोडी वायर मोकळी सोडून खाली झोळ द्या. घरात शिरताना खिडकीच्या खालीही असाच झोळ. पाणी वायरवरून ओघळत येतं ते झोळाच्या तळाशी टपकून जातं, भिंतीतून आत येत नाही. मध्ये जोड नको. एकच सलग वायर. उंदीर आणि वानरं यांचा विचार करून ती भिंतीला क्लिप मारून नेलेली बरी. लोंबती वायर म्हणजे वानरांच्या पिल्लांना झोपाळा.

डबा, टीव्ही आणि गच्चीवरचा फोन

डब्याच्या मागून पिवळं पिवळ्यात, पांढरं पांढऱ्यात. टीव्ही चालू करून रिमोटवरचं एव्ही बटण दाबा. रिमोट हरवलेला असेल तर बऱ्याच जुन्या सेटवर शून्य नंबरच्या चॅनेलवर किंवा समोरच्या छोट्या बटणावर एव्ही सापडतं. डब्याचा मेनू दिसला की अर्धं काम झालं. चित्र काळंपांढरं येत असेल तर डब्याच्या सेटिंगमध्ये पाल (PAL, आपल्याकडची रंगीत चित्राची पद्धत) निवडलं आहे का बघा. जुन्या चौकोनी पडद्यासाठी ४:३ निवडा, नाहीतर सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात. आत्याला ते आवडलं होतं, तो भाग वेगळा.

आता मेनूत एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. उपग्रह जीसॅट-१५ किंवा डीडी फ्री डिश. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथ, एक क्वालिटी. स्ट्रेंथकडे लक्ष देऊ नका. वायर जोडली की ती आपोआप चढते, छत्री जमिनीकडे असली तरी. आपल्याला हवी आहे क्वालिटी, आणि ती शून्यावरून हलते तो क्षण.

दोन माणसं लागतात. एक छत्रीपाशी, एक टीव्हीपाशी, मध्ये फोन चालू. छत्री डोंगरावरच्या खुणेकडे वळवा आणि मग तिथून दोन्ही बाजूंना अगदी हळू फिरवा, बोटाच्या रुंदीएवढं, आणि दर वेळी तीन-चार सेकंद थांबा. डब्याला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. अँटेना फिरवायची आपली सवय इथे नडते. अँटेनावर चित्र हळूहळू सुधारायचं, मुंग्या कमी होत जायच्या, त्यावरून कळायचं की आपण जवळ आलो. डिजिटलमध्ये तसं "जवळ" नसतं. काही नाही, काही नाही, काही नाही, आणि एकदम स्वच्छ चित्र. भरभर फिरवलंत तर ते क्षणभर येऊन गेल्याचं कळणारही नाही. आमच्याकडे खालून चुलतभाऊ "नाय... नाय... नाय..." करत होता आणि मी चौथ्यांदा त्याच जागेवरून पुढे गेलो होतो.

उजवी-डावी करून सापडत नसेल तर उंची एक अंश वाढवा, पुन्हा फिरवा. मग एक अंश कमी.

क्वालिटी मिळाली, पण स्कॅन केल्यावर एकही फुकटची वाहिनी उघडत नसेल, सगळ्या कुलूपबंद येत असतील, तर तुम्ही शेजाऱ्याकडे गेला आहात. ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, दीड अंशाच्या अंतरावर. छत्रीच्या मागे उभं राहून बघताना तुम्हाला थोडं उजवीकडे यायचं आहे.

सापडलं की क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे थांबा. मग एलएनबी त्याच्या खोबणीत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवा. यातून बऱ्याचदा आणखी दहा-पंधरा टक्के मिळतात, आणि तेच जुलैमध्ये कामाला येतात. मग बोल्ट आवळा, एकेक थोडाथोडा, आळीपाळीने. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर छत्री सरकते. आवळून झाल्यावर क्वालिटी पुन्हा बघा. शेवटी नळीवर छत्री जिथे बसली आहे तिथे रंगाने एक रेघ मारा, नळीवरही आणि पट्टीवरही. वानरांनी फिरवली तर रेघ जुळवली की झालं.

रिमोट

स्कॅनमध्ये दीडशेच्या वर वाहिन्या येतात, त्यांत आपल्याला लागणाऱ्या आठ. त्या आवडीच्या यादीत टाका. डब्याच्या रिमोटवर त्यासाठी बटण असतं. नको ती बटणं चिकटपट्टीने झाकली तरी चालतं, विशेषतः मेनू. आत्याच्या रिमोटवर आता पाचच बटणं दिसतात.

आता घरात दोन रिमोट झाले, आणि म्हाताऱ्या माणसांना खरा त्रास याचाच होतो, छत्रीचा नाही. टीव्हीचा रिमोट चुकून दाबला की एव्ही जातं आणि मुंग्या येतात. मग फोन येतो. उपाय: टीव्हीचा आवाज एकदा बराच वर ठेवून त्याचा रिमोट कपाटात. टीव्ही बटणावरून चालू-बंद, बाकी सगळं डब्याच्या रिमोटने. मोठ्या अक्षरांत वाहिन्यांचे आकडे कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. लिलावानंतर आकडे बदलतात, तेव्हा पेन्सिलीने लिहा.

केबलवाल्या घरांसाठी

शहरात हे सगळं केव्हाच होऊन गेलं आहे, निदान कागदावर. केबल डिजिटल करण्यासाठी २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली, त्यासाठी मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही शेवटची तारीख, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३, बाकी शहरी भाग २०१५ अखेर आणि उरलेला सगळा ३१ मार्च २०१७. तरीही जुनं घर भाड्याने घेताना, किंवा बंद घर उघडताना प्रश्न येतोच.

डबा घेताना पहिलं विचारा: हा विकत की भाड्याने? त्यानुसार पावती लिहून घ्या. भाड्याचा असेल तर अनामत किती परत मिळणार हेही पावतीवर. केबलचा डबा दुसऱ्या केबलवाल्याकडे चालत नाही. घर बदलून दुसऱ्या हद्दीत गेलात की तो कपाटात शोभेला.

बिलाचं गणित २०१९ पासून असं चालतं: एक जोडणीचं मूळ शुल्क, त्यावर तुम्ही निवडलेल्या पैशांच्या वाहिन्या, त्यावर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला मूळ शुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये होती, करासह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्राय या सरकारी नियामकाने ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता दोन केबलवाल्यांचे दर विचारून बघायला अर्थ आहे. प्रत्येक वाहिनीचा सुटा दर पडद्यावरच्या यादीत दिसतो. "पॅक घ्यावाच लागतो" हे खरं नाही, वाहिन्या सुट्या घेता येतात. कागद घेऊन घरच्यांनी गेल्या महिन्यात खरंच काय पाहिलं ते लिहा. आमच्या पुण्याच्या घरात अकरा वाहिन्या निघाल्या. बिल चांगलं उतरलं.

पावसाळा आणि बाकी

जोराचा पाऊस पडताना चित्राचे ठोकळे होऊन ते थबकणार. पावसाचे थेंब या लहरी शोषतात. सर गेली की परत येतं, छत्रीला हात लावू नका. पाऊस थांबूनही तासाभरात आलं नाही तर आधी एलएनबीच्या जोडात पाणी गेलंय का बघा. विजा चमकत असतील तर डब्याचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. एक-दोन वाहिन्याच गेल्या असतील तर छत्री ठीक आहे, नव्याने स्कॅन करा. सगळंच गेलं आणि कालपर्यंत होतं, तर अंगणात जाऊन रंगाची रेघ बघा.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही कधी मोडीत काढायची वेळ आलीच तर मागचं झाकण उघडू नका, बंद असतानाही आत जोराचा झटका बसण्याइतका विजेचा दाब साठलेला असतो. काचेत शिसं असतं, म्हणून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

परवा, ऑक्टोबरच्या तीन तारखेला, सकाळी अकरा वाजता आत्याचा फोन आला. बाहेर लख्ख ऊन, पाऊस नाही, वानरं नाहीत, रेघ जुळलेली, आणि टीव्हीवर काही नाही.

"आत्या, दहा-पंधरा मिनिटं थांब. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलाय."

"म्हणजे आता सूर्याला बाजूला करायला कोण जाणार? तू की तो शेजारचा?"